ट्रॉली ढकलायची, तर सांधा कुठे हवा?

अनंत चतुर्दशी जवळ आली की कसबा, नारायण किंवा सदाशिव पेठेतल्या एखाद्या गल्लीच्या तोंडाशी रात्री ट्रॅक्टर उभा दिसतो. मागच्या ट्रॉलीवर रथाचा सांगाडा चढवलेला असतो आणि ती ट्रॉली मंडपापर्यंत उलटी न्यायची असते. चालवणारा नवखा नसतो. हीच ट्रॉली त्याने शहराच्या गर्दीतून इथवर सहज आणलेली असते. आता मात्र दहा-पंधरा मीटर मागे जाताना त्याला घाम फुटतो. एकीकडून ‘येऊ दे, येऊ दे’ चालू असतं, दुसरीकडून ‘बास, बास!’ अशा आरोळ्या. ट्रॉली कधी डाव्या भिंतीकडे तोंड करते, कधी उजव्या. शेवटी कोणीतरी पिन काढायला सांगतं, ट्रॅक्टर बाजूला होतो आणि कार्यकर्ते ट्रॉली हातांनी ढकलत काही मिनिटांत आत नेऊन लावतात.

इथे दोन कोडी आहेत. तीच ट्रॉली, तोच माणूस आणि तेवढीच रुंदी असताना पुढे जाणं सोपं आणि मागे जाणं अवघड का? आणि चाळीस-पन्नास अश्वशक्तीच्या यंत्राला जे जमत नाही, ते हातांना कसं जमतं? दुसऱ्या कोड्याचं उत्तर मला जास्त मोलाचं वाटतं, कारण ट्रॅक्टरच्या तोंडाशी बसवायच्या एका साध्या जोडणीचं सगळं मर्म त्यात आहे. पण तिथे जाण्यासाठी आधी पहिलं कोडं सोडवायला हवं.

ओढताना आपोआप सरळ

दोन चाकी ट्रॉलीचे तीन भाग ध्यानात ठेवू: चाकांचा आस, तिथून पुढे येणारा दांडा आणि दांड्याच्या टोकाची कडी. ही कडी ट्रॅक्टरच्या हुकात अडकते आणि वरून पिन बसते. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यातला हा एकमेव सांधा. या सांध्यातून ट्रॅक्टर ट्रॉलीला पुढे-मागे आणि आडवं रेटू शकतो. तिला पकडून फिरवू मात्र शकत नाही. ट्रॉलीचं तोंड कुठे वळणार, हे पिन कुठे जाते यावरून ठरतं.

ओढताना पिन पुढे असते आणि चाकं मागे. ट्रॉली थोडी वाकडी असली, तरी पिन पुढे पळत राहिल्याने चाकं हळूहळू तिच्या मागे रांगेत येतात. चालवणाऱ्याला त्यासाठी काहीच करावं लागत नाही.

वळणावर मात्र ट्रॉली आतून जाते. समजा पिन सहा मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरते आहे आणि पिनेपासून ट्रॉलीच्या आसापर्यंत चार मीटर अंतर आहे. फिरणं चालू राहिलं, तर ट्रॉलीची चाकं सुमारे साडेचार मीटर त्रिज्येवर येतात, म्हणजे पिनेच्या वाटेपेक्षा दीड मीटर आत. बेलबाग चौकातून लक्ष्मी रस्त्याला लागताना मोठ्या रथाचा ट्रॅक्टर आधी बाहेरच्या अंगाला नेऊन मग वळवावा लागतो, तो याचसाठी. पण हे अंतर ठरलेलं असतं. अनुभवी माणूस त्याचा अंदाज घेतो आणि पुढे जातो.

ढकलताना वाकडेपणा दुप्पट होत जातो

आता उलटं पाहू. तळहातावर काठी उभी तोलून पाहा. काठी बोटांत धरून खाली लोंबती सोडली, तर ती आपोआप सरळ राहते. तीच तळहातावर उभी केली, की जरासा कल वाढत जातो आणि हात सतत हलवला नाही तर ती पडते. काठी तीच असते. आधार वर आहे की खाली, एवढाच फरक. ट्रॉली ओढणं हे लोंबती काठी धरण्यासारखं आहे आणि ढकलणं हे उभी काठी तोलण्यासारखं.

हा कल किती वेगाने वाढतो, हे साध्या भूमितीने काढता येतं. पिनेपासून आसापर्यंत तीन मीटर अंतर असेल आणि स्टिअरिंग सरळ धरून नुसतं मागे जात राहिलं, तर ट्रॉली आणि ट्रॅक्टर यांच्यातला कोन दर दोन मीटरला जवळजवळ दुप्पट होतो. सुरुवातीला पाच अंशांचा वाकडेपणा डोळ्याला धड जाणवतही नाही. दोन मीटरवर तो दहा अंश होतो, चार मीटरवर वीस आणि सहा मीटरवर चाळीसच्या घरात. पेठेतल्या गल्लीत सहा मीटर म्हणजे दोन-तीन घरांची तोंडं. तेवढ्यात खेळ संपतो.

यातून अनेकांना उलटी वाटणारी गोष्ट निघते: आखूड ट्रॉली मागे नेणं लांब ट्रॉलीपेक्षा अवघड. पिन ते आस अंतर दीड मीटर असेल, तर कोन दुप्पट व्हायला एक मीटरच पुरतो. पाण्याचा छोटा टँकर पाहून ‘एवढासा तर आहे’ असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं.

कोन एका मर्यादेपलीकडे गेला, की स्टिअरिंग पूर्ण फिरवूनही तो कमी होत नाही. ट्रॉली ट्रॅक्टरच्या अंगावर घडी पडल्यासारखी येते. दांडा मागच्या टायरला घासतो, कधी मडगार्ड चेपतो. मग एकच उपाय उरतो: पुढे जायचं, सगळं सरळ करायचं आणि पुन्हा मागे यायचं. गल्लीत पुढे जायलाच जागा नसेल, तर तोही उपाय हातचा जातो.

पिन कडेला सरकवण्याची किंमत

कोन वाढतो हे ठीक, पण तो दुरुस्त करणं ट्रॅक्टरला इतकं जड का जावं? ट्रॉलीचं तोंड वळवायचं, तर पिन आडवी सरकवायला हवी. ट्रॅक्टर मात्र आडवा सरकत नाही. पिन बाजूला न्यायची, तर त्याला स्वतःला वळावं लागतं.

चालवणारा मागे जाताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवतो, तेव्हा ट्रॅक्टरचं शेपूट उजवीकडे जातं आणि पिनही त्याबरोबर उजवीकडे. ट्रॉलीचा दांडा उजवीकडे ढकलला गेला, की चाकांपाशी टेकू घेऊन ट्रॉलीचं मागचं टोक डावीकडे फिरतं. ‘स्टिअरिंग उजवीकडे, ट्रॉली डावीकडे’ या नियमाची गंमत इतकीच आहे. तो पाठ करता येतो. खरी अडचण पुढची.

मध्यम ट्रॅक्टरच्या पुढच्या आणि मागच्या आसांत सुमारे दोन मीटर अंतर असतं. मागची पिन मागच्या आसाच्या सत्तर सेंटिमीटर मागे आहे असं धरू. चाकं बऱ्यापैकी वळवून ट्रॅक्टर वीस सेंटिमीटर मागे नेला, तर पिन बाजूला सरकते जेमतेम चार सेंटिमीटर. तेवढ्याच वेळात ट्रॅक्टरचं नाक विरुद्ध बाजूला त्याच्या तिप्पट झुलतं. म्हणजे मागच्या टोकाला थोडी दुरुस्ती करायची, तर पुढच्या टोकाला भरपूर मोकळी जागा लागते. अरुंद गल्लीत हे नाक समोरच्या ओट्यावर किंवा उभ्या दुचाकींवर जातं. जागा कमी पडते असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा ट्रॉलीला जागा पुरेशी असते. कमी पडते ती ट्रॅक्टरला झुलायला.

आता दुसऱ्या कोड्याकडे येऊ. हाताने ढकलणारे कार्यकर्ते काय करतात? दोघं-तिघं दांड्याचं टोक धरतात आणि तो हवा तसा डावीकडे-उजवीकडे नेतात. बाकीचे रेटतात. दांडा हातभर सरकवायला त्यांना स्वतः गोल फिरावं लागत नाही. शिवाय त्यांचे चेहरे ट्रॉलीकडेच असतात. शक्तीत माणसं ट्रॅक्टरच्या जवळपासही येत नाहीत. पण कडी थेट बाजूला सरकवण्याची सोय त्यांच्याकडे असते आणि ट्रॅक्टरकडे नसते.

पिन पुढे आणली तर

ती सोय ट्रॅक्टरला देता येते. हूक ट्रॅक्टरच्या मागे न लावता नाकाशी लावायचा, ट्रॉलीची कडी तिथे अडकवायची आणि ट्रॅक्टर पुढच्या गियरमध्ये हळू चालवत ट्रॉली ढकलायची. दिसायला अगदी किरकोळ बदल. हिशोब मात्र पार पालटतो.

पुढची पिन पुढच्या आसाच्या साठ सेंटिमीटर पुढे आहे असं धरा. मागच्या आसापासून ती दोन मीटर साठ सेंटिमीटरवर आली. चाकं पूर्वीइतकीच वळवून ट्रॅक्टर वीस सेंटिमीटर पुढे नेला, तर ही पिन बाजूला सरकते तेरा सेंटिमीटरहून अधिक. मागच्या पिनेच्या तिपटीहून जास्त. ट्रॅक्टरची वळणारी चाकं पिनेच्या अगदी शेजारी आली, त्यामुळे स्टिअरिंग फिरवलं की दांडा लगेच त्याच बाजूला जातो. ट्रॅक्टरचं मागचं अंग झुलतही नाही; मोठी चाकं आपल्या वाटेने मागोमाग येतात.

एक गैरसमज इथे दूर करायला हवा. पुढे हूक लावला म्हणून ट्रॉली शहाणी होत नाही. वाकडेपणा पूर्वीइतक्याच अंतरात दुप्पट होतो, कारण तो ट्रॉलीच्या लांबीवर ठरतो. ट्रॉलीचं लांबचं टोक दांड्याच्या उलटच फिरतं. बदलतं ते एवढंच, की चूक लवकर दिसते आणि झटकन सुधारता येते. मान मागे वळवून, एका हाताने स्टिअरिंग धरून, मडगार्डच्या वरून डोकावण्याऐवजी चालवणारा सरळ बसून समोर पाहतो. कोन पाच अंशांचा असतानाच त्याला कळलं, तर तो चाळीसपर्यंत जातच नाही.

लोहगावला रोज दिसणारं उदाहरण

पुण्याहून विमानाने गेलेल्या प्रत्येकाने ही युक्ती अनुभवलेली आहे. लोहगावला विमान नाक टर्मिनलकडे करून उभं असतं. निघायच्या वेळी एक बुटका, वजनदार ट्रॅक्टर त्याच्या पुढच्या चाकाला लांब दांडा जोडतो आणि विमान मागे ढकलतो. त्या वेळी ट्रॅक्टर चालवणारा विमानाकडे तोंड करून बसलेला असतो आणि स्वतः पुढे चालत असतो. जोडणी त्याच्या नाकाशी असते.

तिथे एक गुंता जास्त असतो. दांडा ट्रॅक्टरशी जोडलेला असतो तिथे एक सांधा, आणि विमानाचं नाकाचं चाक स्वतः वळतं तो दुसरा. दोन सांधे म्हणजे एका काठीवर दुसरी काठी तोलणं. म्हणून तिथे अतिशय हळू चालवतात, चाक किती वळवायचं याला मर्यादा असते आणि दांड्यात मुद्दाम एक कमजोर पिन ठेवलेली असते. ताण फार वाढला तर ती तुटते आणि विमानाचं चाक वाचतं. पुढे दांड्याविना चालणारे ट्रॅक्टर आले. ते विमानाचं नाकाचं चाकच उचलून आपल्या पोटात घट्ट धरतात. ट्रॅक्टर आणि दांड्यामधला सांधा त्यामुळे नाहीसा होतो आणि काम बरंच सुकर होतं.

आपल्या चार चाकी ट्रॉलीचा त्रासही नेमका हाच. तिची पुढची दोन चाकं दांड्याबरोबर फिरणाऱ्या चकतीवर असतात. एक सांधा पिनेपाशी, दुसरा चकतीपाशी. शिवाय दांडा आखूड, त्यामुळे तो एखाद्या मीटरच्या अंतरातच कलंडतो. उसाच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडून बारामती-इंदापूरकडच्या कारखान्यांवर जाणारे चालक मागे घेण्याची वेळच येऊ नये अशी वाट निवडतात, यात शहाणपण आहे. चार चाकी ट्रॉली गल्लीत ढकलायची असेल, तर नाकावरच्या हुकाचा फायदा दोन चाकीपेक्षाही ठळक दिसतो, पण चाल मुंगीची ठेवावी लागते.

हूक किती उंचावर?

ट्रॅक्टरला ट्रॉली कुठेही अडकवून चालत नाही. मागच्या बाजूला अवजारं उचलणारे तीन दांडे असतात. खालचे दोन आणि वरचा एक. हॅरी फर्ग्युसन या आयरिश तंत्रज्ञाने १९२६ मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं आणि १९३९ मध्ये हेन्री फोर्डच्या कारखान्यातून ती असलेले ट्रॅक्टर बाहेर पडू लागले. त्याआधी मागे ओढत नेलेला नांगर दगडात अडकला, की ट्रॅक्टरचं नाक वर उठायचं आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्यावर उलटायचा. फर्ग्युसनच्या रचनेत नांगराचा ताणच ट्रॅक्टरचं नाक जमिनीशी दाबून धरतो. आज जवळजवळ प्रत्येक शेतट्रॅक्टरवर ही रचना आहे.

खालच्या दोन दांड्यांमध्ये आडवी पट्टी टाकून तिच्यावर हूक बसवला, तर रिकाम्या ट्रॉलीचा दांडा हायड्रॉलिकने हवा तेवढा उचलता येतो. कडी हाताने उचलून कंबर धरण्याची वेळ येत नाही. आवारात रिकाम्या ट्रॉल्या हलवायला ही सोय उत्तम. पण वरच्या दांड्याला साखळी बांधून भरलेली ट्रॉली ओढण्याचा प्रकार पाहिला की माझा जीव वरखाली होतो. ओढ मागच्या आसाच्या वर गेली, की ट्रॅक्टर मागच्या चाकांभोवती उलटा फिरू पाहतो आणि चालवणाऱ्याला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. भरलेली ट्रॉली आसाच्या खालच्या, ठरलेल्या हुकालाच हवी.

पुढच्या हुकाचंही वजनाचं गणित आहे. ट्रॉलीच्या दांड्याचा तीनशे किलो भार नाकावरच्या हुकावर आला, तर आपण धरलेल्या मापांप्रमाणे पुढच्या आसावर तीनशे नव्वद किलो वाढतात आणि मागच्या आसावरचे नव्वद किलो कमी होतात. परिणाम दोन. स्टिअरिंग जड होतं, आणि ढकलण्याचं काम करणाऱ्या मागच्या चाकांची पकड सैल पडते. कोरड्या, सपाट फरशीवर हे खपून जातं. भाद्रपदातल्या ओल्या गल्लीत, चढावर, चाकं जागच्या जागी फिरू शकतात. म्हणून पुढचा हूक हे रिकाम्या किंवा हलक्या ट्रॉलीचं, कमी अंतराचं साधन. रस्त्यावर ट्रॉली मागेच.

चौकट: गल्लीत ढकलण्याआधी

इशारा एकानेच करायचा आणि तो चालवणाऱ्याला दिसेल अशाच जागी उभा राहायला हवा. तो दिसेनासा झाला, की ट्रॅक्टर थांबला पाहिजे. ट्रॉली आणि भिंत यांच्यामध्ये कोणीही उभं राहू नये, ‘मी धरतो’ म्हणणाऱ्यानेही नाही. पिन लावताना ट्रॅक्टर हलत नसावा आणि पिनेला खालून क्लिप हवी. ट्रॅक्टरचे डावा आणि उजवा असे दोन ब्रेक सुटे करून आतल्या चाकावर दाब दिला, तर तीन-साडेतीन मीटरच्या त्रिज्येत वळता येतं. पण काम संपताच दोन्ही पेडल पुन्हा जोडायची. रस्त्यावर वेगात एकच ब्रेक लागला, तर ट्रॅक्टर उलटतो.

रथ समोर असेल तेव्हा

पुढच्या हुकाची खरी मर्यादा मंडळांच्या कामातच दिसते. मोकळी ट्रॉली ढकलताना समोरचं सगळं दिसतं. त्याच ट्रॉलीवर दहा-बारा फुटांचा सांगाडा उभा केला, तर चालवणाऱ्यासमोर भिंत उभी राहते. विमान ढकलतानाही असंच होतं. चालवणाऱ्याला विमानाचं नाक तेवढं दिसतं, शेपूट आणि पंखांची टोकं नाहीत. म्हणून तिथे कानाला हेडफोन लावलेला एक माणूस वैमानिकाशी बोलत राहतो आणि पंखांपाशी गरजेप्रमाणे आणखी माणसं ठेवतात. चालवणारा आपल्या अंदाजावर विसंबत नाही, बाकीचेही एकदम ओरडत नाहीत. पेठेतल्या मंडळांनी ही शिस्त जशीच्या तशी उचलावी असं मला मनापासून वाटतं. मागच्या दोन कोपऱ्यांवर दोघं आणि चालवणाऱ्यासमोर एक; कोपऱ्यावरच्यांनी फक्त समोरच्याशी बोलायचं, चालवणाऱ्याने फक्त त्याच्याकडे पाहायचं.

आणखी बरं म्हणजे क्रम बदलणं. ट्रॉली आधी मंडपापाशी ढकलून ठेवायची आणि सांगाडा तिथे चढवायचा. विसर्जनाच्या दिवशी ती ओढतच बाहेर काढायची आहे आणि ओढताना ती आपोआप सरळ राहते. आत नेताना हलकी आणि दिसणारी, बाहेर काढताना जड आणि ओढलेली, अशी विभागणी केली तर अवघड काम सगळं रिकाम्या ट्रॉलीच्या वाट्याला येतं.

हूक बसवायचा, तर जागा नीट निवडायला हवी. ट्रॅक्टरच्या नाकाशी लोखंडी वजनं अडकवण्यासाठी एक जाड ओतीव आधार असतो आणि तो पुढच्या आसाच्या चौकटीला बोल्टने पक्का केलेला असतो. हुकाची पट्टी तिथे यावी. शोभेसाठी लावलेल्या पाइपच्या बंपरला वेल्डिंग करून हूक लावला, तर पहिल्या जोराच्या धक्क्याला तो वाकतो आणि रेडिएटरही जातो. पट्टीची उंची ट्रॉली सपाट उभी असताना कडीच्या उंचीएवढी ठेवावी. कडी आणि पिन यांच्यात फार मोकळीक नसावी, कारण ढकलताना दर थांब्याला ती मोकळीक धक्का बनून दांड्यात शिरते. आणि ट्रॉलीच्या पुढच्या फळीच्या मधोमध पांढऱ्या रंगाची एक उभी रेघ ओढावी. ट्रॅक्टरच्या बॉनेटची मधली रेषा तिच्यासमोर आहे तोवर सगळं सरळ आहे. ती बोटभर सरकली, की त्याच क्षणी स्टिअरिंग हलवायचं.